कोंबडीची कलेजी, विषाणू आणि अंगची प्रतिकारशक्ती

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



मलकापूर, मोताळा, नांदुरा या आपल्या भागात कपाशी, मका, सोयाबीन यांच्या जोडीला कोंबडीपालन करणारे शेतकरी आता बरेच झाले आहेत. कोणी कराराने ब्रॉयलर पिल्ले वाढवतो, कोणी घरामागे पंधरा-वीस देशी कोंबड्या राखतो. या धंद्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. पिल्ले तीन-चार आठवड्यांची झालेली असतात. खाद्य चांगलं खात असतात, वजनही मनासारखं असतं. आणि एके दिवशी सकाळी शेडमध्ये दहा-पंधरा पिल्ले मेलेली सापडतात. दुसऱ्या दिवशी आकडा वाढतो, तिसऱ्या दिवशी आणखी वाढतो.

मग आपली धावपळ सुरू होते. औषधांच्या दुकानातून एक बाटली येते, गुण येत नाही म्हणून दुसरी येते, शेजारी सांगतो म्हणून तिसरी येते. पाचव्या-सहाव्या दिवशी मरतूक कमी होते आणि सगळं श्रेय त्या शेवटच्या बाटलीला मिळतं. पण बंधूंनो, पुष्कळदा हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसं असतं. मरतूक थांबवली ती वाचलेल्या पिल्लांच्या अंगच्या प्रतिकारशक्तीनं. ही शक्ती कशी तयार होते आणि ती वेळेआधी कशी तयार ठेवावी, हे आज सांगणार आहे.

कलेजीचं काम

यकृत म्हणजे आपण ज्याला कलेजी म्हणतो ते. आतड्यातून शोषलेलं अन्न रक्तावाटे आधी इथे येतं. यकृत त्यातून साखर साठवतं, चरबी तयार करतं, रक्तातली प्रथिने बनवतं आणि खाद्यातून आलेलं विष निकामी करतं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या बलकातला स्निग्ध भागही यकृतातच तयार होऊन अंडाशयाकडे जातो. अन्नाबरोबर रोगजंतूही याच वाटेनं येतात, म्हणून यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत जंतू गिळून टाकणाऱ्या पहारेकरी पेशी कायम बसलेल्या असतात. यकृत हे शरीराचं कोठारही आहे आणि नाकंही आहे, असं समजा.

रोगाची ओळख

यकृतावर चालून येणाऱ्या विषाणूंपैकी आपल्याला जास्त त्रास देणारा गट म्हणजे कोंबड्यांचा ॲडिनो विषाणू. त्याचे बारा प्रकार ओळखले गेले आहेत. काही प्रकारांमुळे यकृताला सूज येते. या रोगाला इन्क्लुजन बॉडी हेपॅटायटिस म्हणतात आणि त्याचं वर्णन अमेरिकेत १९६३ साली झालं. चार नंबरचा प्रकार जास्त जहाल. तो १९८७ साली पाकिस्तानात कराचीजवळ अंगारा गोठ या ठिकाणी दिसला, म्हणून तिकडे त्याला ‘अंगारा रोग’ हे नाव पडलं. आपल्या देशात तो १९९४ साली जम्मू, पंजाब, दिल्ली या भागात आढळला. या रोगात हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी भरतं आणि त्यात हृदय सोललेल्या लिचीसारखं दिसतं, म्हणून आपल्याकडे त्याला ‘लिची रोग’ म्हणू लागले. साध्या प्रकारात मरतूक बहुधा शेकडा दहापर्यंत राहते, क्वचित तीसपर्यंत जाते. लिची रोगात ती शेकडा वीसपासून ऐंशीपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

आपल्या महाराष्ट्रातलीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८० नंतरच्या दशकात मुंबईकडे कोंबड्यांमध्ये मोठी साथ आली. पशुरोगतज्ज्ञ डॉ. एस. एम. अजिंक्य यांनी मेलेल्या पक्ष्यांतून एक ॲडिनो विषाणू वेगळा केला. त्याला ‘स्मॅम-१’ असं नाव मिळालं. या पक्ष्यांचं यकृत मोठं आणि फिकट झालेलं होतं. नवल म्हणजे रोगानं मेलेला पक्षी वाळलेला असायचा, तर इथे पोटात चरबी भरलेली होती. मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणारे डॉ. निखिल धुरंधर यांना यात काहीतरी वेगळं दिसलं. त्यांनी निरोगी कोंबड्यांना हा विषाणू टोचून पाहिला. टोचलेल्या कोंबड्यांच्या पोटात जास्त चरबी साठली आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र कमी झालं. हे काम १९९२ साली प्रसिद्ध झालं. चरबीचा कारभार यकृताकडेही असतो, त्यामुळे विषाणूनं यकृत गाठलं की मरतूक झाली नाही तरी शरीराचा हिशोब बिघडू शकतो, एवढं यातून आपण घ्यावं.

विषाणू आत शिरल्यावर

हा विषाणू आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. पिल्लू गादीतलं तूस टोचतं, घाण पाणी पितं आणि विषाणू पोटात जातो. दुसरी वाट अंड्यातून आहे. अंडी घालण्याच्या काळात आई-कोंबडीला लागण झाली तर विषाणू अंड्यात उतरतो आणि पिल्लू जन्मतःच तो घेऊन येतं.

आतड्यातून विषाणू रक्तात आणि रक्तातून यकृतात जातो. यकृताच्या पेशीत शिरून तो तिच्या केंद्रात बसतो आणि पेशीची यंत्रसामग्री वापरून स्वतःच्या प्रती काढतो. या प्रतींचे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यांनाच ‘इन्क्लुजन बॉडी’ म्हणतात आणि त्यावरून रोग ओळखता येतो. शेवटी पेशी फुटते आणि निघालेले विषाणू शेजारच्या पेशींत शिरतात.

दाह म्हणजे काय?

पेशी गप्प राहून मरत नाही. परका विषाणू आत आल्याचं तिला कळतं आणि ती धोक्याची द्रव्ये सोडते. त्यातलं एक महत्त्वाचं द्रव्य इंटरफेरॉन. त्याचा शोध १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी लावला, आणि तोही कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यातलं पातळ आवरण वापरून. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करतं. सावध झालेली पेशी आपलं दार लावून घेते, म्हणजे तिच्यात विषाणूच्या प्रती सहजी निघत नाहीत.

बाकीची द्रव्ये रक्तवाहिन्यांना निरोप देतात. वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून लागण झालेल्या जागी गोळा होतात. हेटरोफिल नावाच्या पेशी आधी पोचतात, लिम्फोसाइट पेशी मागून येतात. त्या जागी सूज येते. यालाच दाह म्हणतात. पिल्लू खाणं सोडतं, पिसं फुगवून कोपऱ्यात बसतं, तेही याच निरोपांमुळे. वाढीवर जाणारी ताकद शरीर आता लढाईकडे वळवतं.

म्हणजे दाह ही मुळात रोग हटवण्यासाठी केलेली तजवीज आहे. पण ती प्रमाणात राहिली पाहिजे. रात्री मक्यात रानडुकरं शिरली की आपण काठ्या घेऊन धावतो. दोन-चार माणसं असली तर डुकरं पळतात आणि मका वाचतो. पण अख्खं गाव अंधारात शेतात घुसलं तर डुकरांनी खाल्लं त्यापेक्षा जास्त पीक पायाखाली तुडवलं जातं. लिची रोगात काहीसं असंच होतं. विषाणू भराभर वाढतो, धोक्याची द्रव्ये एकदम फार सुटतात, वाहिन्या जास्तच पाझरू लागतात. यकृत खराब झाल्यामुळे रक्तात पाणी धरून ठेवणारी प्रथिनेही कमी पडतात. मग ते पाणी हृदयाच्या पिशवीत साचतं आणि हृदयाला नीट फुगता येत नाही. वरून गुटगुटीत दिसणारं पिल्लू तासा-दोन तासांत मरतं ते यामुळे.

कायमची ओळख ठेवणारी फौज

दाह ही झटपट येणारी पण सरधोपट मदत आहे. नेमका तोच विषाणू ओळखून पकडणारी दुसरी मदत असते, तिला वेळ लागतो. यात एका जातीच्या पेशी लागण झालेल्या पेशी हुडकून नष्ट करतात. दुसऱ्या जातीच्या पेशी प्रतिद्रव्ये तयार करतात. प्रतिद्रव्य विषाणूला चिकटतं आणि त्याला नव्या पेशीत शिरू देत नाही.

ही प्रतिद्रव्ये करणाऱ्या पेशी कोंबडीत एका लहान पिशवीत तयार होतात. गुदद्वाराच्या वरच्या अंगाला ही पिशवी असते. तिला ‘फॅब्रिशियसची पिशवी’ किंवा ‘बर्सा’ म्हणतात. ब्रूस ग्लिक आणि टिमथी चँग यांनी १९५६ साली अमेरिकेतील ओहायोत दाखवून दिलं की, लहानपणी ही पिशवी काढलेल्या कोंबड्या नीट प्रतिद्रव्ये करू शकत नाहीत. माणसाच्या रक्ततपासणीत डॉक्टर ज्या ‘बी’ पेशी म्हणतात, त्यातला ‘बी’ हा याच बर्सावरून आलेला आहे. कोंबडीनं माणसाच्या वैद्यकाला दिलेली ही देणगी आहे.

प्रतिद्रव्य रक्तात दिसू लागायला साधारण आठवडा लागतो. आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा पाहा. पाचव्या-सहाव्या दिवशी मरतूक का उतरते? जी पिल्ले पहिल्या तडाख्यातून वाचली, त्यांची ही नेमकी फौज तेव्हा उभी राहू लागते. बाटली तिसरी होती की चौथी, याचा त्याच्याशी संबंध नाही.

एकदा भेटलेल्या विषाणूची ओळख शरीर ठेवतं. तोच प्रकार पुन्हा आला तर फौज लवकर आणि मोठी निघते. लस याच तत्त्वावर चालते. पाकिस्तानात अंगारा रोगाची पहिली लस आजारी पक्ष्यांचं यकृत वाटून, त्यातला विषाणू फॉर्मेलिननं मारून केली होती आणि तिनं साथ आटोक्यात आली. मेलेल्या विषाणूनं रोग होत नाही, पण शरीराला ओळख पटते. मात्र एका प्रकाराची ओळख दुसऱ्या प्रकाराला उपयोगी पडेलच असं नाही. म्हणून आपल्या भागात कोणता प्रकार आहे, हे तपासूनच लस ठरवावी लागते.

तीन ते सहा आठवड्यांतच घात का होतो?

आई-कोंबडी आपली प्रतिद्रव्ये बलकातून पिल्लाला देते. ही आईची शिदोरी पहिले दोन-तीन आठवडे पुरते आणि मग संपत जाते. पिल्लाची स्वतःची फौज तेव्हा पुरती तयार झालेली नसते. ती मधली फट म्हणजे तिसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंतचा काळ. आईच्या अंगातच प्रतिद्रव्ये नसतील तर शिदोरी मिळत नाही आणि फट आणखी आधी उघडते.

त्यात तीन गोष्टी प्रतिकारशक्ती आणखी खच्ची करतात.

पहिली, गंबोरो रोग. याचा विषाणू थेट बर्सावरच हल्ला करतो. प्रतिद्रव्याचा कारखानाच मोडल्यावर ॲडिनो विषाणूला मोकळं रान मिळतं. त्या पिल्लांत इतर लसीही नीट लागू पडत नाहीत. कोंबड्यांच्या रक्तक्षयाचा विषाणूही असाच प्रतिकार कमी करतो.

दुसरी, बुरशी लागलेलं खाद्य. ओला मका, भुईमुगाची पेंड, सरकीची पेंड यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पिल्ले बुरशीच्या शेंगदाणा पेंडीमुळे मेली, तेव्हा या विषाचा शोध लागला. हे विष यकृतच बिघडवतं आणि प्रतिकारही कमी करतं. बुरशी झटकून, उन्हात घालून किंवा शिजवून विष जात नाही.

तिसरी, ताण. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालचं शेड भट्टीसारखं तापतं. गर्दी, कोंदट हवा, गादीतला उग्र वास हेही ताणच. दमलेलं पिल्लू लढाईला कमी पडतं. शेजारच्या दोन शेडमध्ये एकाच वेळी विषाणू येऊन एकीकडे शेकडा चार आणि दुसरीकडे शेकडा चाळीस मरतूक होऊ शकते, ती यामुळे.

मरतूक लागली तर

पहिलं काम, पक्षी स्वतः फाडून पाहू नका. अचानक मोठी मरतूक मानमोडी म्हणजे राणीखेत रोगानं होते आणि बर्ड फ्लूनंही होते. बर्ड फ्लू २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला होता, आणि तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. माझं शिक्षण शेतीचं आहे. रोगाचं निदान पशुवैद्यकानंच करायचं असतं.

डॉक्टर पक्षी उघडतील तेव्हा यकृत सुजलेलं, फिकट-पिवळं, ठिसूळ आणि बारीक रक्ताच्या ठिपक्यांचं दिसलं, हृदयाच्या पिशवीत पाणी दिसलं, तर ॲडिनोचा संशय घेतात. खात्रीसाठी यकृताचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवतात. आपल्याला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ आहे. पुण्याला औंध येथे शासनाचा रोग अन्वेषण विभाग आहे. उन्हाळ्यात नुसती दुपारची मरतूक असेल तर उष्माघातही असू शकतो, म्हणून मरतूक कोणत्या वेळी झाली ते वहीत लिहून ठेवा.

विषाणूवर प्रतिजैविक औषध चालत नाही. यकृताच्या टॉनिकनं थोडा आधार मिळेल, पण विषाणू मरणार नाही. मागून जिवाणूंची लागण झाली तरच डॉक्टर प्रतिजैविक देतील. ते त्यांनी सांगितलं तेवढंच आणि तितकेच दिवस द्यावं, आणि विक्रीपूर्वी सांगितलेले दिवस मोकळे सोडावेत. कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना आणि खाण्याच्या जनावरांना देण्यावर केंद्र सरकारनं २०१९ साली बंदी घातली आहे, हे ध्यानात ठेवा.

आजारी शेडचं काम सर्वांत शेवटी करा. त्या शेडची चप्पल, बादली, टोपली दुसरीकडे नेऊ नका. मेलेले पक्षी नाल्यात किंवा नळगंगेच्या पात्रात टाकू नका. कुत्र्यांना उकरता येणार नाही असा खोल खड्डा करून, चुना टाकून पुरा. पिल्लांना थंड, स्वच्छ पाणी आणि खेळती हवा द्या. उगाच पकडापकड करू नका.

पुढच्या पिल्लांआधी

एक. पिल्ले घेताना उबवणी केंद्राला विचारा की आई-कोंबड्यांना कोणत्या लसी दिल्या आहेत. कराराने पिल्ले घेत असाल तरी हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आईची शिदोरी विकत मिळत नाही, ती पिल्लाबरोबरच यावी लागते.

दोन. गंबोरोची लस डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, चुकवू नका. पाण्यातून देताना सकाळी द्या. आधी तास-दीड तास पाणी बंद ठेवा. लशीच्या पाण्यात जंतुनाशक किंवा क्लोरीन नको, त्यानं लस मरते. साय काढलेल्या दुधाची भुकटी लिटरला पाच ग्रॅमपर्यंत घाला. दोन तासांत पाणी संपेल इतकंच करा. लस आणताना बर्फातून आणा.

तीन. ज्या भागात ॲडिनोचा रोग वरचेवर येतो, तिथे मृत विषाणूची लस मिळते. ती द्यायची की नाही, हे प्रयोगशाळेच्या अहवालावरून डॉक्टरांशी बोलून ठरवा.

चार. मका दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. कुबट वास आला, हिरवट-काळी बुरशी दिसली तर ते खाद्य कोंबड्यांना देऊ नका आणि गाई-म्हशींनाही घालू नका, विष दुधात उतरतं.

पाच. हा विषाणू चिवट आहे. त्याला चरबीचं आवरण नसतं, म्हणून साध्या फिनेलनं तो हटत नाही. जुनी गादी पूर्ण काढून दूर न्या, शेड साबणाच्या पाण्यानं घासून धुवा, वाळू द्या आणि मग आयोडीनयुक्त जंतुनाशक किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं फॉर्मेलिन वापरा. फॉर्मेलिननं डोळ्यांना आणि छातीला इजा होते, तोंडाला फडकं बांधूनही भागत नाही, म्हणून माहीतगाराकडूनच करवून घ्या. विष्ठा चिकटून असेल तर कोणतंही औषध खालपर्यंत पोचत नाही. त्यानंतर शेड किमान दोन आठवडे रिकामं ठेवा.

सहा. शेडच्या दाराशी जंतुनाशकाचं पाणी ठेवा. पिल्लांच्या गाड्या, व्यापारी, पाहुणे यांना आत सोडू नका. देशी कोंबड्या ब्रॉयलरच्या शेडजवळ फिरू देऊ नका. त्या स्वतः न मरता विषाणू पसरवू शकतात.

माणसाला धोका आहे का?

हा प्रश्न घरातल्या बायाबापड्या हमखास विचारतात. माणसाची कावीळ करणारे विषाणू निराळे आहेत. कोंबडीच्या यकृताच्या या रोगामुळे घरात कावीळ येत नाही. डॉ. धुरंधर यांनी १९९७ साली मुंबईतल्या ५२ लठ्ठ माणसांचं रक्त तपासलं, त्यात दहाजणांच्या रक्तात ‘स्मॅम-१’ विरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. प्रतिद्रव्य असणं ही त्या किंवा त्यासारख्या विषाणूशी गाठ पडल्याची खूण असते. त्यानंच ती माणसं लठ्ठ झाली, असं तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरी शहाणपण म्हणून आजारी किंवा मेलेला पक्षी कापून खाऊ नये, विकू नये. शेडमधून आल्यावर साबणानं हात धुवावेत. निरोगी कोंबडीचं मटण आणि अंडी नीट शिजवून खायला हरकत नाही.

बंधू-भगिनींनो, मरतूक लागल्यावर बाटल्यांवर जो पैसा जातो, त्यातला थोडा जरी आधी लशीवर, वाळलेल्या मक्यावर आणि शेडच्या सफाईवर खर्च केला, तरी पिल्लाची फौज वेळेवर उभी राहील. पुढची पिल्ले आणण्याआधी आपल्या दवाखान्यात एक चक्कर टाका, लशीचा तक्ता लिहून घ्या आणि तो शेडच्या भिंतीवर लावा.